सिस्टरची भीती

मंडळी, तुम्ही कधी ना कधी दवाखान्यात गेला असाल. डॉक्टर येतात, रोग्याला तपासतात, दोन शब्द बोलतात आणि पुढच्या खाटेकडे जातात. मग रात्रभर रोग्याजवळ कोण असते? सलाईनची बाटली कोण बदलते? उलटी झाली तर भांडे कोण धरते? ती परिचारिका. तिलाच आपण नर्स म्हणतो, सिस्टर म्हणतो. पुरुषही हे काम करतात. त्यांना ब्रदर म्हणतात.

रोग साधा असला तर हे काम नुसते कष्टाचे असते. पण रोग साथीचा असला तर? रोग्याच्या श्वासातून तो दुसऱ्याला लागत असला तर? तेव्हा रोग्याच्या सर्वांत जवळ कोण? तीच. मग तिला भीती वाटत नाही का? वाटत असली तर ती काम कसे करते? स्वतःला कशी जपते?

आम्ही बत्तीस वर्षे मुलांना शिकवले. पण या प्रश्नांची उत्तरे आम्हांला एका जुन्या विद्यार्थिनीने शिकवली. तीही आमच्याच शाळेच्या व्हरांड्यात, 2020 सालच्या जून महिन्यात. तिचे नाव येथे लिहीत नाही. सारे गाव तिला सिस्टर म्हणते, आम्हीही तसेच म्हणू. ती मुंबईच्या एका रुग्णालयात काम करते.

ते साल तुम्हांला आठवत असेलच. कोरोनाचा आपल्या देशातला पहिला रोगी 30 जानेवारी 2020 रोजी केरळात सापडला. 9 मार्चला पुण्यात सापडला. 11 मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले, की ही साऱ्या जगाची साथ आहे. 22 मार्चला, रविवारी, संध्याकाळी पाच वाजता डॉक्टर आणि नर्स यांचे आभार मानण्यासाठी देशभर लोकांनी थाळ्या वाजवल्या. आमच्या गावातही वाजवल्या. आम्ही शाळेची घंटा वाजवली. मग 24 तारखेच्या मध्यरात्रीपासून सारा देश बंद झाला.

आमचे गाव सातारा जिल्ह्यात, डोंगराच्या कुशीत आहे. घरटी एक माणूस मुंबईला. त्यामुळे भीती फार. पोरांनी रस्त्यावर बाभळीच्या काट्या आणून टाकल्या. गावात यायचे नाही, गावातून जायचे नाही.

आता जे घडले ते सांगायला आम्हांला लाज वाटते, पण सांगतो. सिस्टरची आई गावातच असते. सिस्टरचा चार वर्षांचा मुलगा तेव्हा आजीजवळ होता. कोणीतरी उठवले, की सिस्टर कोरोनाच्या वॉर्डात आहे, म्हणजे रोग तिच्या घरी आलाच असणार. वास्तविक तीन महिने ती गावाकडे फिरकली नव्हती. पण विचार कोण करतो? एके सकाळी म्हातारी हंडा घेऊन सार्वजनिक नळावर गेली. तिला दूर उभे केले. "तुम्ही शेवटी भरा," म्हणाले. शेवटी पाणी गेले. दुसऱ्या दिवशीही तेच.

आम्ही हे आमच्या ओट्यावरून पाहत होतो. आमचा शब्द गावात चालतो. तरी आम्ही काही बोललो नाही. आमच्या छातीत दोन वर्षांपूर्वी दुखून गेले होते. आम्हांलाही भीती वाटत होती. म्हणून गप्प बसलो.

पाणी कोणी भरून दिले? आशाताईने. ती तोंडाला पदर बांधून आली, दोन हंडे भरले आणि म्हातारीच्या दारात नेऊन ठेवले. कोणाला काही म्हणाली नाही. तिसऱ्या दिवसापासून आमच्या घरची मंडळीही म्हातारीचे पाणी आणू लागली.

पुढे मोबाईलवर बातमी वाचली. 22 एप्रिल 2020 रोजी सरकारने वटहुकूम काढला होता. आरोग्य कर्मचाऱ्यावर हात उचलला, किंवा त्याला राहणे आणि काम करणे अवघड होईल असा त्रास दिला, तर तीन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद. वर पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. मोठी दुखापत केली तर शिक्षा याहून मोठी. सप्टेंबरमध्ये संसदेने त्याचा कायदा केला. असा वटहुकूम काढावा लागला, याचा अर्थ असे वागणारे आमचेच गाव नव्हते. शहरांत शिकल्यासवरल्या घरमालकांनी नर्सना खोल्या सोडायला सांगितले होते.

असो. जूनमध्ये सिस्टरला सुटी मिळाली. तिची तपासणी झाली होती, रोग नव्हता. पास काढून ती आली. पण बाहेरून येणाऱ्याने चौदा दिवस वेगळे राहायचे असा तेव्हा नियम होता. त्याला विलगीकरण म्हणत. नियम बरोबरच होता. रोग अंगात शिरल्यावर बाहेर दिसायला चौदा दिवसांपर्यंत लागू शकत. आज तपासणीत नसला तरी उद्या दिसू शके. गावाने शाळेचा चौथीचा वर्ग त्यासाठी मोकळा केला होता. सिस्टर तेथे राहिली. ज्या वर्गात ती शिकली, त्याच वर्गात.

सरपंचांनी आम्हांला विचारले, "गुरुजी, तुम्ही जरा लक्ष ठेवाल का?" या खेपेला आम्ही हो म्हणालो.

रोज संध्याकाळी आम्ही डबा नेऊन पायरीवर ठेवायचो आणि मागे फिरून चिंचेखाली बसायचो. ती येऊन डबा उचलायची आणि व्हरांड्यात बसायची. मध्ये दहा-बारा पावले. दोघांच्याही तोंडाला मास्क. मग गप्पा व्हायच्या. कुंपणाबाहेर तिची आई नातवाला घेऊन उभी असायची. तो पोरगा "आई, ये ना" म्हणून रडायचा. ती दोन्ही हात मागे बांधून उभी राहायची. आम्ही विचारले, "हात मागं का गं?" म्हणाली, "नाहीतर पुढं जातील, गुरुजी."

पहिल्याच दिवशी आम्ही म्हणालो, "पोरी, तू फार धीराची. तुला भीती वाटत नाही."

ती हसली. "गुरुजी, असं म्हणू नका. सगळे असंच म्हणतात आणि मग आम्हांला भीती बोलून दाखवायची सोय राहत नाही. मला फार भीती वाटते. पहिल्या दिवशी वॉर्डाच्या दाराशी माझे पाय थरथरत होते."

कशाची भीती, तेही तिने सांगितले. मरणाची असतेच. पण तिच्यापेक्षा मोठी भीती घरच्यांची. आपल्या अंगावरून रोग घरी जाईल, आणि लेकरू किंवा म्हातारे माणूस आपल्यामुळे जाईल. म्हणून पुष्कळ नर्स तेव्हा महिनोन्‌महिने घरी गेल्या नाहीत. कोणी वसतिगृहात राहिल्या, कोणी हॉटेलात. ज्या घरी जात त्या वेगळ्या खोलीत झोपत, आणि लेकरू दारावर थापा मारी.

याशिवाय आणखी एक भीती असते. ती आम्हांला ठाऊकच नव्हती. हातून काम नीट होणार नाही, ही ती भीती. तिच्या वॉर्डात रोगी वाढत गेले. ज्यांना श्वास पुरत नाही त्यांना ऑक्सिजन लावायचा, पालथे झोपवायचे. पालथे झोपल्यावर फुप्फुसाच्या पाठीकडच्या भागातही हवा नीट पोचते. पण मोठ्या माणसाला नळ्या सांभाळून पालथे करायला तीन-चार जण लागतात. त्यांच्याकडे दोघीच असत. "एकाकडं धावलं की दुसरा हाक मारायचा," ती म्हणाली. "घरी आल्यावर त्या हाका ऐकू यायच्या. रात्री तीनला जाग यायची. छाती धडधडायची. घसा जरा खवखवला की वाटायचं, लागला आपल्याला. दिवसातून दहा वेळा ताप बघायचे. हात धुऊन धुऊन कातडी फाटली होती."

हे ऐकून आम्ही गप्प झालो. आम्ही ओट्यावर बसून ज्या भीतीपायी नळाकडे पाठ केली, त्याच भीतीत ही पोर रोज सहा तास उभी राहत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही विचारले, "मग यावर उपाय काय केलास?"

ती म्हणाली, "वाचलं, गुरुजी."

आम्हांला वाटले, पोथी वाचली असेल. पण तसे नव्हते. आता नीट ऐका.

कोरोनाच्या वॉर्डात जाताना एक पोशाख घालावा लागे. त्याला किट म्हणत. त्यात डोक्यापासून पायापर्यंत झाकणारा सूट, नाकातोंडावर एन-95 मास्क, डोळ्यांवर बंद चष्मा, चेहऱ्यापुढे पारदर्शक ढाल, हातमोज्यांचे दोन जोड आणि बुटांवर पिशव्या. सुरुवातीला हे किट पुरत नव्हते. आपल्या देशात ते जवळजवळ तयारच होत नसत. कोठे कोठे डॉक्टरांनी रेनकोट घालून काम केले. मग कारखाने लागले. मे 2020 पर्यंत देशात रोज सुमारे 2 लाख किट बनू लागले.

पण किट अंगावर आले म्हणजे माणूस सुखरूप झाला असे नाही. ते घालण्याचा क्रम असतो आणि काढण्याचा वेगळा क्रम असतो. क्रम चुकला तर किट असून नसल्यासारखे. म्हणून कपडे बदलायच्या खोलीत भिंतीवर एक पाटी असे. तिच्यावर क्रमाने एकेक पायरी लिहिलेली, शेजारी चित्र. समोर आरसा. आणि जवळ एक जोडीदारीण उभी. ती पाटीवरची ओळ मोठ्याने वाचणार, आणि हिने तेवढेच करायचे. मग पुढची ओळ.

आम्ही म्हणालो, "चार दिवसांत पाठ होत असेल की."

"पाठ होतंच, गुरुजी. तरी वाचायचंच. वीस-वीस वर्षं नोकरी झालेल्या आमच्या मोठ्या सिस्टरही वाचून घ्यायच्या. घाबरलेल्या किंवा दमलेल्या माणसाचं पाठांतर दगा देतं. पाटी दगा देत नाही."

वाचकहो, तुम्ही अलीकडेच वाचायला शिकलात. कोणी तुम्हांला म्हणत असेल, "आता या वयात वाचून काय करणार?" त्याला ही पाटीची गोष्ट सांगा. सिस्टरच्या वॉर्डात साफसफाई करणाऱ्या दोन मावशी होत्या. त्यांना वाचता येत नव्हते. त्यांना धोका तेवढाच होता, किंबहुना अधिक, कारण रोग्यांची घाण त्याच उचलत. सिस्टरने त्यांना चित्रांवरून क्रम शिकवला. एक मावशी पुढे अक्षरेही ओळखू लागली. "मास्क" हा तिचा पहिला शब्द.

आता तो क्रम सांगतो. आम्हांला सिस्टरने जसा करून दाखवला तसा. तिच्याजवळ किट नव्हते. शाळेतली मुलांची गॅदरिंगची कापडे होती, त्यांवरच भागवले.

घालताना आधी हात स्वच्छ. मग सूट. मग मास्क. मास्क नाकावर दाबून बसवायचा आणि दोन्ही हातांचे तळवे त्यावर ठेवून जोराने श्वास सोडायचा. कडेने वारा लागला तर मास्क नीट बसलेला नाही. एन-95 म्हणजे काय? हवेतल्या अगदी बारीक शंभर कणांपैकी निदान 95 तो अडवतो. पण कडेला फट असली तर हवा फटीतूनच आत शिरणार. म्हणून दाढी राखणाऱ्या ब्रदरनी दाढ्या उतरवल्या. मास्कनंतर चष्मा, मग डोक्यावर टोपडे, आणि सर्वांत शेवटी हातमोजे, ते सुटाच्या बाहीवर चढवलेले. कोण कोण आहे हे ओळखू येत नसे, म्हणून पाठीवर पेनाने नाव लिहीत.

एकदा घातले की पाच-सहा तास काढायचे नाही. पाणी नाही, चहा नाही. लघवीला जाता येत नाही. म्हणून आदल्या रात्रीपासून पाणी बेताने प्यायचे. कोणी लहान मुलांना बांधतात तसे लंगोट बांधून जात. बायकांचे महिन्याच्या अडचणीचे दिवसही त्यातच काढायचे. हे सांगताना ती थोडी थांबली, आम्हीही खाली पाहिले. पण हे लिहायलाच हवे. आत घामाची धार लागते. चष्म्यावर वाफ जमते आणि रोग्याची शीर दिसेनाशी होते. त्याच धुक्यातून सुई टोचायची. नाकावर मास्कचे वळ उठतात. तिच्या नाकावरचा वळ जूनमध्येही दिसत होता.

पण खरा धोका कधी? आम्हांला वाटले, वॉर्डात. ती म्हणाली, "नाही गुरुजी. काढताना." सहा तासांत किटच्या बाहेरच्या अंगाला काय काय लागलेले असते. माणूस दमलेला असतो, तहानलेला असतो. कधी एकदा फेकतो असे होते. आणि घाईत हात तोंडाकडे जातो. म्हणून काढताना नेम असा, की सर्वांत मळके ते आधी काढायचे आणि श्वास राखणारे ते शेवटी. वरचे हातमोजे आधी उतरवायचे. सूट आतून बाहेर गुंडाळत, म्हणजे मळकी बाजू आत जाईल असा काढायचा. चष्म्याच्या काचेला हात लावायचा नाही, मागच्या पट्ट्याने उचलायचा. मास्क सर्वांत शेवटी, तोही खोलीबाहेर आल्यावर. पुढून धरायचा नाही, मागची नाडी ओढून काढायचा. आणि प्रत्येक पायरीनंतर हात पुसायचे औषध. शेवटी साबणाने हात, मग आंघोळ.

साबणाला हसू नका. या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचे, म्हणजे तेलकट असे, पातळ वेष्टन असते. साबण ते फोडतो आणि विषाणू निकामी होतो. तेलाचे भांडे नुसत्या पाण्याने निघत नाही, साबणाने निघते, तसेच हे. पण वेळ द्यावा लागतो. सावकाश वीस आकडे म्हणेपर्यंत हात चोळायचे. बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखे. बहुतेक लोक अंगठा विसरतात. आम्हीही विसरलो, तिने लांबूनच चूक काढली. चाळीस वर्षांपूर्वी आम्ही पाढ्यात तिची चूक काढली होती, असे म्हणणार होतो. पण ती तेवढी मोठी नाही. पंचवीस वर्षे म्हणू.

तिच्या बरोबरच्या एका सिस्टरला रोग झालाच. कोठे झाला? वॉर्डात किट घालून फिरताना बहुधा नाहीच. सुटल्यावर चौघीजणी एका बारक्या खोलीत मास्क काढून चहा प्यायल्या. तेथे झाला असावा. "आम्ही रोग्यापाशी जपलं आणि मैत्रिणीपाशी विसरलो," ती म्हणाली. तेव्हापासून चहा गच्चीवर, लांब लांब बसून. ती मैत्रीण तीन आठवड्यांनी बरी होऊन कामावर आली. सगळ्याच आल्या नाहीत. जानेवारी 2020 ते मे 2021 या काळात जगभर आरोग्याचे काम करणारी 80 हजार ते 1 लाख 80 हजार माणसे कोरोनाने गेली असावीत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. हा आकडा आम्ही फळ्यावर लिहून पाहिला. मोठ्या तालुक्याचे ठिकाण रिकामे व्हावे एवढा तो आहे.

मनाच्या भीतीवर काय केले, हेही आम्ही विचारले. त्यावर ती फार बोलली नाही. कपडे काढताना जी जोडीदारीण पाटी वाचायची, तिलाच ती रात्रीचे सांगायची. तीही आपले सांगायची. दोघींनी ठरवले होते, की "मला काही होत नाही" असे एकमेकींना म्हणायचे नाही. ताप दिवसातून दोनदाच बघायचा, अधिक नाही. साथीच्या बातम्या रात्री पाहायच्या नाहीत. घरी फोन जेवणाआधी करायचा, म्हणजे मुलाशी बोलल्यावर दोन घास जातात. मोठ्या सिस्टर रोज पाळी संपल्यावर सगळ्यांना पाच मिनिटे उभे करून विचारायच्या, आज कोणाला काय जड गेले. कोणी रडले तर रडू द्यायच्या. या गोष्टी दिसायला बारीक आहेत. पण तिला यांनी झोप आली. आता तर सरकारने टेलि-मानस नावाची सोय केली आहे. 2022 सालच्या ऑक्टोबरात ती सुरू झाली. 14416 या क्रमांकावर फोन केला की मनाचे दुखणे समजणारे माणूस बोलते. पैसे पडत नाहीत. तो केवळ नर्सांसाठी नाही, तुमच्याआमच्यासाठीही आहे.

त्या चौथीच्या वर्गात भिंतीवर सावित्रीबाई फुले यांची तसबीर आहे. सिस्टर तिच्याखालीच सतरंजी टाकून झोपे. एका संध्याकाळी ती म्हणाली, "गुरुजी, तुम्ही आम्हांला सावित्रीबाई शाळेच्या म्हणून शिकवल्या. त्या गेल्या कशानं, ते एका ओळीत सांगून संपवलंत."

खरे होते. म्हणून येथे थोडे अधिक लिहितो. 1896 साली मुंबईत प्लेग आला आणि पुढे पुण्यात पसरला. सावित्रीबाईंचे पुत्र यशवंतराव डॉक्टर होते. त्यांनी पुण्याजवळ हडपसर भागात रोग्यांसाठी दवाखाना उघडला. सावित्रीबाई तेव्हा साठी ओलांडलेल्या. त्या रोगी आणत आणि त्यांची सेवा करीत. मुंढव्याच्या एका आजारी पोराला त्यांनी पाठीवर घालून आणले. त्यातच त्यांना प्लेगने गाठले. 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या.

प्लेग उंदरांच्या अंगावरच्या पिसवांतून माणसाला लागतो, हे पॉल-लुई सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टराने 1898 साली कराचीत प्रयोग करून दाखवले. म्हणजे सावित्रीबाई गेल्यानंतरच्या वर्षी. स्वतःला कशापासून जपायचे, हे सांगणारी पाटी त्यांच्यासमोर नव्हतीच. ती कोणी लिहिलीच नव्हती. सिस्टर म्हणाली, "आम्हांला ठाऊक असून आम्ही जपलं नाही, तर ते शौर्य नाही गुरुजी, हलगर्जीपणा आहे. मी पडले तर माझे दहा रोगी कोणाच्या गळ्यात?" आम्हांला हे पटले. सेवा करणाऱ्याने जीव उधळून द्यावा असे आपल्याकडे फार ऐकवले जाते, आणि ऐकवणारे बहुधा लांब उभे असतात.

बाराव्या दिवशी आम्ही नळाची गोष्ट काढली. तिला ती ठाऊक असणारच. आम्ही म्हणालो, "पोरी, तुझ्या आईला पाण्यावाचून परत पाठवलं तेव्हा आम्ही पाहत होतो. बोललो नाही."

ती बराच वेळ काही म्हणाली नाही. मग म्हणाली, "आईनं सांगितलं होतं. म्हणाली, गुरुजीही ओट्यावर होते." आणखी थोड्या वेळाने म्हणाली, "लोकांना भीती वाटली याचा मला राग नाही. मलाही वाटते. पण मला कोणीतरी पाटी वाचून दाखवली. तुम्हांला गावाला वाचून दाखवता आली असती."

यावर आम्ही काय बोलणार? त्या रात्री घरी येऊन आम्ही जुन्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले. रोग बोलण्या-खोकण्यातून, श्वासातून पसरतो. हंड्याला, नावाला, नात्याला तो चिकटत नाही. नळावर मास्क लावा, दोन हात अंतर ठेवा, पाणी रांगेने भरा, घरी जाऊन साबणाने हात धुवा. सकाळी सरपंचांना दाखवून तो पुठ्ठा नळाच्या खांबाला बांधला. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना आम्ही तेथे उभे राहून वाचून दाखवला, आठ दिवस. दोघे-चौघे चिडले. एक तात्या म्हणाले, "गुरुजी, दोन महिने कुठं होता?" त्यांचे खरे होते.

पंधराव्या दिवशी सकाळी सिस्टर चौथीच्या वर्गातून बाहेर आली. आधी तिने खोली झाडली, सतरंजी उन्हात टाकली, दाराची कडी साबणाच्या पाण्याने पुसली. मग कुंपणापाशी गेली. पोरगा प्रथम लाजला. आजीच्या पदरामागे लपला. तिने मास्क नाडीला धरून, मागून, सावकाश उतरवला, तेव्हा त्याने तोंड ओळखले आणि धावला.

चार दिवसांनी ती पुन्हा मुंबईला कामावर गेली. 16 जानेवारी 2021 पासून लस सुरू झाली. पहिला मान आरोग्याचे काम करणाऱ्यांचा होता, त्यात तिलाही मिळाली. त्याच साली उन्हाळ्यात दुसरी लाट आली. ती पहिलीहून भयंकर होती. आमच्या गावातली तीन माणसे गेली. पण त्या खेपेला रस्त्यावर काट्या पडल्या नाहीत, आणि रोग्याच्या घरचे पाणी बंद झाले नाही. आशाताई रोज रात्री सिस्टरला फोन लावून विचारायची, आणि सकाळी पुठ्ठ्यावर नवी ओळ लिहायची. मे 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले, की जगावरचा तातडीचा धोका आता सरला.

मागच्या दिवाळीत सिस्टर आली होती. मुलगा आता मोठ्या शाळेत जातो. आम्ही तिला विचारले, "आता तरी भीती गेली का गं?"

"गेली नाही, गुरुजी," ती म्हणाली. "पण झोप लागते." आणि आईचा हंडा उचलून नळाकडे गेली.